हातोहात पसरलेली वेल

खिडकीत ठेवलेली काचेची एक बाटली, बाटलीत पाणी, पाण्यात पांढरी मुळे सोडून वाढणारी एक नाजूक वेल आणि तिची हृदयाच्या आकाराची पाच-सात पाने. पानांचा मूळ रंग हिरवा. पण कोणी सोनेरी रंगाचे शिंतोडे उडवावेत तसे त्यावर पिवळे ठिपके व पट्टे. हे दृश्य तुम्ही कोठे ना कोठे पाहिले असेलच. चाळीच्या गॅलरीत, दवाखान्यातील टेबलावर, शाळेच्या कचेरीत, दुकानाच्या गल्ल्याशेजारी ही वेल हमखास आढळते. तिला फार जागा लागत नाही, फार पाणी लागत नाही आणि फार ऊनही लागत नाही. आपण तिला ‘मनीप्लँट’ म्हणतो.

आता दुसरे एक दृश्य पाहा. कोकणातील एक जुनी बाग आहे. पावसाळा नुकताच संपला आहे. बागेतील एका आंब्याच्या बुंध्याला अंगठ्याहून जाड अशी एक वेल घट्ट बिलगून वर गेली आहे. तिची पाने सुपाएवढी मोठी आहेत. त्यांच्या कडा ठिकठिकाणी आत खोलवर चिरलेल्या आहेत. शहरातून आलेला एखादा मुलगा बागेच्या मालकांना विचारतो, “काका, ही कोणती वेल?” काका हसतात आणि म्हणतात, “अरे, ही तर तुमच्या घरातली मनीप्लँटच! कुंडीतली छाटलेली फांदी एका पावसाळ्यात कोणीतरी या झाडाच्या बुडाशी टाकली. ती रुजली आणि वर चढली.”

मुलाचा विश्वास बसत नाही. घरातील पान तळहाताएवढे आणि हे सुपाएवढे! मग ही दोन्ही एकच वेल कशी असेल? परंतु काकांचे म्हणणे खरे असते. जी वस्तू आपण रोज पाहतो, तिच्याकडेच पुष्कळदा आपले लक्ष सर्वांत कमी असते. म्हणून या ओळखीच्या वेलीची आज आपण नव्याने ओळख करून घेऊ.

प्रथम तिचे नाव पाहू. वनस्पतिशास्त्रात तिला ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ असे म्हणतात. नाव उच्चारायला अवघड आहे खरे. पण त्याचा अर्थ सोपा आहे. ‘एपिप्रेम्नम’ म्हणजे झाडाच्या बुंध्यावर राहणारी आणि ‘ऑरियम’ म्हणजे सोनेरी. तिची राहणी आणि तिचे रूप ही दोन्ही अशी तिच्या नावातच सांगितलेली आहेत. आपल्या परिचयाचे अळू आणि सुरण हे तिचे आप्त होत. अळूचे पान आणि मनीप्लँटचे पान शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांचे नाते सहज लक्षात येते.

या वेलीचे मूळ घर मात्र आपल्यापासून फार दूर आहे. दक्षिण पॅसिफिक महासागरात ताहिती नावाचे बेट आहे. त्याच्या शेजारी मोरेआ नावाचे एक लहानसे, डोंगराळ बेट आहे. ज्वालामुखीतून ते निर्माण झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. तेथील दमट, दाट अरण्यात ही वेल मूळची वाढणारी. एवढ्याशा बेटावरील ही वेल आज उष्ण प्रदेशातील जवळजवळ सर्व देशांत जाऊन पोहोचली आहे, आणि थंड देशांतील घरांच्या खिडक्यांतही ती दिसते. हे कसे घडले, हाच या पाठातील मुख्य प्रश्न आहे.

वनस्पती नाना उपायांनी प्रवास करतात. सावरीचे बी कापसाच्या तंतूंना धरून वाऱ्यावर उडते. नारळ समुद्रावर तरंगत नव्या किनाऱ्याला लागतो. वडाची व पिंपळाची फळे पाखरे खातात आणि त्यांचे बी दूरच्या भिंतीवर नेऊन टाकतात. परंतु यासाठी बी हवे आणि बी येण्यासाठी आधी फूल हवे. आता क्षणभर थांबून आठवून पाहा. मनीप्लँटचे फूल तुम्ही कधी पाहिले आहे काय? तुमच्या आईवडिलांनी किंवा आजी-आजोबांनी ते पाहिले आहे काय? बहुधा कोणीच पाहिलेले नसते. कारण घरात व बागेत वाढणारी ही वेल जवळजवळ कधीच फुलत नाही.

तिच्या या न फुलण्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकले होते. वनस्पतींची कुळे आणि नाती ठरवताना शास्त्रज्ञ मुख्यतः फुलांचा व फळांचा आधार घेतात. पाने सारखी दिसली, तरी वनस्पती वेगळ्या असू शकतात. बेल्जियममधील रोपवाटिकेचे मालक झाँ लिंडेन आणि फ्रेंच उद्यानतज्ज्ञ एदुआर आंद्रे यांनी १८८० साली या वेलीचे प्रथम वर्णन केले. फुलावाचून त्यांना केवळ पानांवरून अंदाज करावा लागला आणि त्यांनी तिला ‘पोथॉस’ या गटात घातले. तिचे मूळ घर कोणते, याविषयीही पुष्कळ काळ घोटाळा होता. पुढे ऐंशीहून अधिक वर्षांनी, १९६२ साली, या वेलीचे फूल अभ्यासकांच्या पाहण्यात आले. त्यामुळे तिचा पहिला गट चुकला होता, हे उघड झाले. तिला दुसऱ्या गटात हलवण्यात आले. अधिक अभ्यासानंतर १९६४ साली ती ‘एपिप्रेम्नम’ या आजच्या गटात आली. एका फुलाने असा जुना प्रश्न सोडवला. तरीही अनेक देशांतील माळी तिला अजून ‘पोथॉस’ याच जुन्या नावाने ओळखतात.

हे फूल दिसते तरी कसे? सुरणाचे फूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची कल्पना करता येईल. मध्यभागी एक जाड दांडा असतो आणि त्याच्याभोवती द्रोणासारखे आवरण असते. त्या दांड्यावर पुष्कळ बारीक फुले दाटीवाटीने बसलेली असतात. अळूच्या कुळातील फुलांची हीच रीत आहे.

मग आपल्या घरातील वेलीला फूल का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळात मिळाले. वनस्पतींच्या शरीरात ‘जिबरेलिन’ नावाचे वाढीचे द्रव्य तयार होत असते. नाशिककडील द्राक्षबागायतदारांना हे द्रव्य चांगले ठाऊक आहे. द्राक्षाचे मणी लांब व टपोरे व्हावेत म्हणून ते त्याचा उपयोग करतात. अनेक वनस्पतींना फुलण्यासाठीही या द्रव्याची गरज असते. संशोधकांच्या एका गटाने २०१६ साली असे दाखवून दिले, की मनीप्लँटमध्ये हे द्रव्य बनवण्याची क्रिया एका टप्प्यावर येऊन अडते. त्यांनी या वेलीवर बाहेरून जिबरेलिन फवारले, तेव्हा कधी न फुलणाऱ्या त्या वेलीला फुले आली. म्हणजे फुलण्याची शक्ती वेलीत होती. फक्त एका द्रव्याची उणीव होती.

ज्या वेलीला फूल नाही, तिला फळ नाही. आणि फळ नाही म्हणून बी नाही. वारा, पाणी किंवा पाखरे यांनी तिचे बी दूरदेशी न्यावे, अशी सोयच नाही. तरीही ती जगभर गेली. कोणाच्या पाठीवर बसून गेली? उत्तर एकच आहे: माणसाच्या हातांनी तिला नेले.

माणसाने तिला नेले, याचे पहिले कारण तिची रंगीत पाने. या रंगाची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. पानांचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. हे हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून वनस्पतीचे अन्न तयार करते. पान म्हणजे जणू वेलीचे स्वयंपाकघर आणि हरितद्रव्य म्हणजे त्यातील आचारी. मनीप्लँटच्या पानावर जो सोनेरी भाग दिसतो, तेथे हरितद्रव्य फारच थोडे असते. त्या भागात अन्न जवळजवळ तयारच होत नाही. पानाच्या हिरव्या भागाने कमवावे आणि सोनेरी भागाने बसून खावे, असा हा संसार आहे. आपल्याला जे सौंदर्य वाटते, ते वेलीच्या दृष्टीने एक उणेपणच आहे.

रानात अशी उणीव वेलीला महागात पडली असती. हिरव्यागार वेलीशी चढाओढ करताना ती मागे पडली असती. परंतु माणसाला तो सोनेरी रंग आवडला. त्याने तीच फांदी निवडून लावली, तिला सांभाळले आणि वाढवले. पांढऱ्या रेघोट्यांची, पूर्ण पोपटी पानांची असे तिचे निरनिराळे प्रकारही माणसाने याच रीतीने जपले आहेत. या प्रकारांतील सर्व पाने बारकाईने पाहिलीत, तर एक गोष्ट ध्यानात येईल. एका पानावरील नक्षी दुसऱ्या पानावर जशीच्या तशी कधीच उमटत नाही.

या रंगाचा प्रकाशाशी निकटचा संबंध आहे. वेल अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर तिच्या नव्या पानांवरील सोनेरी रंग कमी कमी होत जातो आणि पाने जास्त हिरवी येतात. प्रकाश थोडा असला, म्हणजे अन्न मिळवण्यासाठी अधिक हरितद्रव्य लागते, हे उघड आहे. भरपूर उजेडात सोनेरी रंग खुलतो. मात्र दुपारचे प्रखर ऊन थेट अंगावर आले, तर पाने करपतात. म्हणून खिडकीजवळची, उजेड असलेली पण कडक ऊन न लागणारी जागा तिला मानवते.

दुसरे कारण म्हणजे ही वेल लावणे अत्यंत सोपे आहे. तिच्या खोडाकडे नीट पाहा. ठरावीक अंतरावर उसासारखी पेरे दिसतील. प्रत्येक पेरावर एक पान, एक सुप्त डोळा आणि तपकिरी रंगाचा एखादा लहानसा कोंब असतो. हा कोंब म्हणजे हवेत फुटलेले मूळ होय. पेरासकट फांदी कापून पाण्यात ठेवली, की थोड्याच दिवसांत त्या ठिकाणी पांढरी मुळे वाढू लागतात आणि डोळ्यातून नवा फुटवा बाहेर पडतो. नुसते पान देठासह तोडून पाण्यात ठेवले, तर ते काही दिवस हिरवे राहील, पण त्यातून नवी वेल निघणार नाही. कारण नव्या जीवनाचे बीज पानात नसून पेरात आहे.

अशा रीतीने लावलेली प्रत्येक वेल ही दुसऱ्या वेलीचा तुकडा असते. तुमच्या घरातील वेल शेजारच्या काकूंनी दिलेली असेल. काकूंना ती त्यांच्या बहिणीकडून मिळाली असेल. बहिणीने ती आपल्या गावाहून आणली असेल. असे एका हातावरून दुसऱ्या हातावर मागे मागे जात राहिलो, तर शेवटी आपण पॅसिफिक महासागरातील त्या डोंगराळ बेटापर्यंत जाऊन पोहोचू. वेलीचा हा धागा मध्ये कोठेही तुटलेला नाही. एखाद्या कुटुंबातील निरांजन जसे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते, तशी ही वेल माणसांनी एकमेकांच्या हाती दिली आहे.

आता आंब्यावरील त्या सुपाएवढ्या पानांकडे वळू. घरातील पाने एवढी मोठी का होत नाहीत? या वेलीचे मूळ घर दाट अरण्यात आहे, हे आपण पाहिले. तेथे जमिनीवर प्रकाश फार कमी पोहोचतो. त्यामुळे खाली असताना वेलीची पाने लहान असतात. ही तिची बाल्यावस्था होय. एखादे झाड मिळाले, म्हणजे पेरांवरील मुळे त्याच्या सालीला घट्ट चिकटतात आणि वेल वर चढू लागते. जसजशी ती उंच जाते, तसतसा अधिक प्रकाश मिळतो, खोड जाड होते आणि पाने मोठी होत जातात. अनुकूल हवेत ही वेल २० मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा मजली इमारतीइतकी उंच चढते आणि तिचे पान एक मीटरपर्यंत लांब होऊ शकते.

याच कुळातील काही वेली झाड कसे शोधतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशात मॉन्स्टेरा नावाच्या वेलीचा अभ्यास झाला, तेव्हा १९७५ साली असे आढळून आले, की तिची कोवळी रोपे प्रकाशाकडे न जाता गडद सावलीकडे सरपटत जातात. अरण्यात सर्वांत गडद सावली कोठे असते? मोठ्या झाडाच्या बुंध्याशी! अंधाराकडे गेल्याने रोपाला बुंधा सापडतो आणि बुंध्याच्या आधाराने ते पुढे उजेडात पोहोचते.

आपण बाटलीतील वेल खिडकीवरून खाली सोडतो. खाली लोंबणाऱ्या फांदीला आधार मिळत नाही. तिची पेरे लांबत जातात आणि पाने लहानच राहतात. तीच फांदी काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवली आणि काथ्या ओलसर ठेवला, तर तिची नवी पाने आधीच्या पानांहून मोठी येऊ लागतात. बाटलीतील वेल ही आजारी नसते किंवा वेगळ्या जातीचीही नसते. ती केवळ आपल्या बालपणातच राहिलेली असते. तिला वाढायला आधार लागतो, आणि तो द्यायचा की नाही, हे आपल्या हाती असते.

ही वेल पाळताना काही गोष्टींची काळजी घेतली पाहिजे. अळूची भाजी नीट शिजली नाही, तर घशाला खाज सुटते, हा अनुभव पुष्कळांना आहे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते तोंडाला व घशाला टोचतात. म्हणूनच आपल्या आया अळूच्या भाजीत चिंचेसारखे आंबट घालतात आणि ती चांगली शिजवतात. अळूची ही आप्त वेलही तसेच स्फटिक अंगात बाळगते. ती खाण्याची वनस्पती नाही. तिचे पान चावले, तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. घरात रांगते मूल, मांजर किंवा कुत्रे असेल, तर ती त्यांच्या तोंडी लागणार नाही, अशा उंचीवर ठेवावी. तिची छाटणी केल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

दुसरी काळजी पाण्याची. डेंग्यूचा प्रसार करणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि बाटलीतील पाणी त्याला फार सोयीचे असते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा न चुकता बाटलीतील पाणी ओतून टाकावे, बाटली आतून घासावी आणि ताजे पाणी भरावे. कुंडीखालच्या ताटलीतील पाण्याविषयीही हेच लक्षात ठेवावे.

तिसरी काळजी सर्वांत महत्त्वाची आहे. परंतु तिचा विचार फार थोडे लोक करतात. वेल फार वाढली, म्हणजे आपण ती छाटतो. छाटलेल्या फांद्यांचे काय करावे? काही लोक त्या टेकडीवर, ओढ्याच्या काठी किंवा रानाच्या कडेला नेऊन टाकतात. हिरवी वस्तू हिरव्या जागी टाकली, यात काय बिघडले, असे त्यांना वाटते. पण आंब्याच्या बुडाशी टाकलेल्या त्या फांदीची आठवण करा. दमट हवेत एकेक पेर रुजते, जमीन झाकून टाकते आणि झाडांवर चढते. श्रीलंकेत कँडी शहराजवळ उडवट्टा केले नावाचे जुने राखीव अरण्य आहे. तेथे या वेलीने कित्येक एकर जमीन व्यापली आहे. तिच्या दाट पानांखाली स्थानिक झाडांची कोवळी रोपे वर येऊ शकत नाहीत. हवाई बेटांवरील अरण्यांतही तिचा असाच उपद्रव झाला आहे.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ही वेल त्या अरण्यांत आपण होऊन गेलेली नाही. तिला पंख नाहीत आणि बीही नाही. माणसानेच तिला तेथे नेऊन लावले किंवा टाकून दिले. तिच्या मूळ बेटावर ती इतर वनस्पतींच्या शेजारी नांदत होती. परक्या अरण्यात ती उपद्रवी ठरली, यात दोष वेलीचा नसून नेणाऱ्या हाताचा आहे. आपल्या सह्याद्रीच्या रानांत याच कुळातील स्थानिक वेली झाडांवर चढून राहतात. त्यांच्या घरात ही परकी पाहुणी घुसवणे योग्य नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या रानात टाकू नयेत. त्या कोणाला लावायला द्याव्यात. नाहीतर पूर्ण वाळवून मगच खतासाठी वापराव्यात.

शेवटी या वेलीविषयीच्या काही समजुतींचा विचार करू. घरात मनीप्लँट वाढली, की पैसा वाढतो, असे लोक म्हणतात. हे खरे असते, तर ज्यांच्या रोपवाटिकेत हिच्या शेकडो कुंड्या मांडलेल्या असतात, ते माळीदादा गावातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले असते! ही वेल चोरून आणली तरच लागते, अशीही एक समजूत आहे. वेलीला मात्र चोरी आणि देणगी यांतील फरक कळत नाही. तिला हवे असते एक निरोगी पेर, थोडे पाणी आणि पुरेसा उजेड. मागून आणलेली फांदीही तितकीच चांगली जगते. मग चोरी कशाला करावी?

एक समजूत तर विज्ञानाचा वेष घेऊन आलेली आहे. ही वेल घरातील हवा शुद्ध करते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेच्या १९८९ सालच्या एका अहवालातून ही कल्पना पसरली. त्या प्रयोगात ही वेल आणि इतर काही रोपे लहान बंद पेट्यांत ठेवली होती आणि पेटीतील काही घातक वायूंचे प्रमाण कमी झाले होते. परंतु आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दारे-खिडक्यांतून हवा सतत ये-जा करीत असते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांची पुन्हा तपासणी करण्यात आली. खेळत्या हवेने जेवढा फायदा होतो, तेवढा कुंड्यांकडून मिळवायचा असेल, तर दर चौरस मीटर जागेत निदान दहा रोपे ठेवावी लागतील, असे तीत आढळून आले. मग माणसांनी बसावे कोठे? खिडकी उघडणे हाच सोपा उपाय होय.

पैसा देत नाही, हवाही फारशी शुद्ध करीत नाही. मग ही वेल लावावी तरी कशासाठी? ज्या खोलीत दुसरे कोणतेही रोप तग धरत नाही, तेथेही ही वेल डोळ्यांना हिरवा-सोनेरी विसावा देते. नवे पान सुरळीतून हळूहळू कसे उलगडते, मूळ पाण्यात कसे वाढते, फांदी उजेडाकडे कशी वळते, हे सर्व ती आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवते. लहानशा जागेत राहणाऱ्या मुलाला वनस्पतिजीवनाचा पहिला धडा देण्यास याहून सोपी शाळा मिळणे कठीण.

आणि आणखी एक गोष्ट ती आपल्याला शिकवते. या वेलीला आपले बी कोठेही पाठवता येत नाही. तिचा सारा प्रवास माणसाच्या भरवशावर चालतो. आपण तिला आधार दिला, तर ती मोठी होते. आपण तिचा एक तुकडा शेजाऱ्याला दिला, तर त्याच्या खिडकीत ती हसते. आपण तिला निष्काळजीपणे रानात फेकले, तर तीच तेथील रोपांचा श्वास कोंडते. तिने काय व्हावे, हे ज्या हातात ती आहे, तो हात ठरवतो. पुढच्या वेळी बाटलीतील पाणी बदलताना ही लांबची वाट चालून आलेली पाहुणी आपल्या हाती सोपवलेली आहे, याची आठवण ठेवा. आणि तिचे एखादे पेर प्रेमाने दुसऱ्याच्या हाती द्या.

अभ्यास

१. बाटलीतील वेल आणि आंब्यावरील वेल यांच्या पानांत कोणता फरक दिसतो? त्याचे कारण सांगा.

२. पानाच्या हिरव्या व सोनेरी भागांच्या कामात काय अंतर आहे?

३. या वेलीचे फूल पाहायला मिळाल्यामुळे शास्त्रज्ञांचा कोणता प्रश्न सुटला?

४. ‘दोष वेलीचा नसून नेणाऱ्या हाताचा आहे’, असे लेखकाने का म्हटले आहे?

५. छाटलेल्या फांद्या रानात टाकण्यास निघालेल्या मित्राला तुम्ही काय सांगाल? पाच-सहा वाक्यांत लिहा.

६. करून पाहा : एकाच वेलीच्या दोन सारख्या फांद्या दोन बाटल्यांत लावा. एक बाटली उजेडात व दुसरी खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. दर आठवड्याला पाणी बदलून दोन महिने नव्या पानांचा आकार आणि रंग वहीत नोंदवा.